राणीच्या बागेतलं फुलांचं प्रदर्शन आणि मुंबईची संग्रहालयं: दोन दिवसांत कसं जमवावं?

सड्यावरचं_घर (पावस, रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी मुंबईला जायचं ठरतंय. मी, सासूबाई (वय ७१) आणि आठवीतली लेक, अशा तिघी. लग्नकार्य नाही, दवाखाना नाही, निव्वळ बघायला जायचंय. आमच्या घरातून असं कुणी फारसं जात नाही, म्हणून ते नीट व्हावं अशी माझी फार इच्छा आहे.

सासूबाईंना राणीच्या बागेतलं फुलांचं प्रदर्शन बघायचंय. बातम्यांत ते दाखवायला लागले की त्या हातातलं काम टाकून टीव्हीसमोर येतात. आमचं घर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, खाली सगळा जांभा दगड. त्यावर पाटीपाटीने माती आणून त्यांनी अनंत, सोनटक्का, अबोली, तीन रंगांची कोऱ्हांटी आणि कुंपणाला सुरंगी असं परसू उभं केलंय. मार्चनंतर विहीर खाली गेली की भांडी विसळलेलं पाणीसुद्धा त्या झाडांनाच जातं. अशा बाईला प्रदर्शनात बघण्यासारखं खरंच काही असतं का? की नुसती फोटोची गर्दी?

लेकीला चित्रकलेचं वेड आहे. तिला संग्रहालयं बघायची आहेत. तिने यादी केलीय ती वाचूनच मला दम लागला. सासूबाईंचे गुडघे दुखतात, एका दमात अर्धा तास चालतात, मग बसावं लागतं. रात्रीच्या कोकणकन्येने जाऊन दोन दिवस राहायचंय, दादरला मावससासूबाईंकडे. काय ठेवू, काय गाळू?

रोपवाल्या_काकी (गुहागर)

ताई, आधी तारखेचं बघा, कारण सगळं तिथेच अडतं. प्रदर्शन महापालिकेचं उद्यान खातं भरवतं, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, बहुतेक शुक्रवार ते रविवार. पक्की तारीख पेपरात येते ती अगदी जवळ आल्यावर, आणि रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुटतं. त्यामुळे दोन्ही संभाव्य आठवड्यांची तिकिटं काढून ठेवा आणि तारीख कळली की एक रद्द करा. थोडे पैसे जातात, पण सासूबाईंना जनरलच्या डब्यातून न्यायची वेळ येत नाही.

मी रोपवाटिका चालवते आणि जमेल त्या वर्षी जाते, म्हणून ठासून सांगते: शुक्रवारी सकाळीच आत शिरा. टीव्हीवर दिसतात ते फुलांचे मोठे प्राणी नि देखावे म्हणजे आत लोखंडी सांगाडा, त्यावर पाणी धरणारा हिरवा स्पंज आणि त्यात खोचलेली तोडलेली फुलं. पाणी मारून मारून ती टिकवतात. झेंडू आणि शेवंती रविवारपर्यंत तग धरतात, गुलाब मात्र दुसऱ्या दुपारीच माना टाकायला लागतो. शिवाय शनिवार-रविवारी सगळी मुंबई तिथे लोटते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या रेट्यात उभं करू नका.

तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, बघण्यासारखं आहे, आणि पुष्कळ आहे. फक्त देखाव्यांपाशी थांबायचं नाही. लोक मोबाइल वर करून तिथेच गोळा होतात आणि कुंड्यांच्या रांगा मोकळ्या राहतात. सासूबाईंना सरळ त्या रांगांकडे न्या. कुंडीतली वांगी, मिरच्या, टोमॅटो, कोबी, फळं धरलेली लिंबाची झाडं, औषधी झाडं, बोन्साय. वांग्याच्या कुंडीशी वाकून बघा. खोडाला काठी कुठे बांधलीय, सुतळी आवळून बांधलीय की इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल सोडलीय, खालची पानं कुठपर्यंत काढलीत, मातीचा वरचा थर पालापाचोळ्याने झाकलाय का. एवढ्याशा मातीत एवढं फळ कसं धरलं ते त्यातून कळतं. जांभ्यावर पाटीने माती आणून बाग करणाऱ्या बाईला याहून उपयोगाचं दुसरं काय असणार? तुमच्या सड्यावरचं आळं आणि मुंबईच्या गच्चीवरची कुंडी यांची अडचण एकच, माती थोडी आणि पाणी पटकन निघून जातं.

तिथे पालिकेचे माळी उभे असतात. लोक त्यांना फक्त "बाजूला व्हा, फोटो काढायचाय" एवढंच म्हणतात. त्यांना विचारा. कुंडीत काय भरलं, खत कधी घातलं, छाटणी कधी केली, सगळं सांगतात, आणि विचारणारी बाई जाणकार आहे हे कळलं की स्वतःहून पुढच्या रांगेत नेऊन दाखवतात. त्या माणसांच्या हातात जे आहे ते कुठल्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

आणि प्रदर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. राणीची बाग ही मुळात वनस्पती उद्यान आहे, १८६०च्या दशकात सुरू झालेली, प्राणी नंतर आले. लोक पेंग्विन बघून परत जातात, पण माझ्या मते तिथली खरी दौलत झाडांची आहे. जाडजूड बुंध्याची गोरखचिंच बघा. कैलासपती बघा: फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडातून लोंबणाऱ्या देठांवर फुलं येतात, जाड गुलाबी पाकळ्या, मधे पुंकेसरांची फणा वळलेली, आणि वास इतका दाट की झाड दिसायच्या आधी कळतो. खाली तोफगोळ्याएवढी फळं असतात, म्हणून त्याच्या खाली सासूबाईंना बसवू नका! उर्वशीचं झाडही विचारून शोधा. फुललेलं मिळालं तर लाल-पिवळे घोस झुंबरासारखे खाली सुटलेले दिसतील.

बाकडी भरपूर आहेत. अर्धा तास चालायचं, पाव तास बसायचं, असं केलंत तर दुपारपर्यंत सगळं आरामात होतं.

लालबागचा_चाकरमानी (मूळ राजापूर)

काकींनी बागेचं सांगितलंच, मी रस्त्याचं सांगतो.

कोकणकन्या पहाटे सीएसएमटीला पोचते. दादरला घर असेल तर तिथेच उतरा, आंघोळ-चहा करून निघा. दादरहून सेंट्रलची लोकल, भायखळ्याला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं. चालत दहा-पंधरा मिनिटं, पण आजींसाठी टॅक्सीच करा. सकाळी सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलला दादरला आठ-साडेआठनंतर चढणं म्हणजे झटापट आहे. सातच्या आसपास निघा किंवा सरळ घरापासून टॅक्सी करा. अंतर फार नाही.

बुधवारी राणीची बागही बंद आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. गावाकडून आलेली माणसं बुधवारी त्या गेटवरून परत जाताना मी पाहिलीत, फार वाईट वाटतं. त्या संग्रहालयात दुरुस्तीची कामं निघतात तेव्हा ते बरेच दिवस बंद असतं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी फोन करा.

पाणी, टोपी आणि घरचा डबा बरोबर ठेवा. जानेवारी असला तरी दुपारी बारानंतर ऊन लागतं.

खडू_आणि_फळा (रत्नागिरी)

मी चित्रकला शिकवतो, म्हणून मुलीच्या यादीबद्दल बोलतो. यादी कितीही मोठी असू दे, दोनच संग्रहालयं ठेवा. पहिल्या दिवशी दुपारी भाऊ दाजी लाड, कारण ते बागेला लागूनच आहे. दुसऱ्या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. बाकीचं सगळं पुढच्या खेपेला.

भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं, १९७५ साली भाऊ दाजींचं नाव दिलं. भाऊ दाजी आपल्याकडचेच म्हणायचे, पेडण्याजवळच्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी ते एक, आणि हे संग्रहालय उभं राहावं म्हणून झटलेल्यांपैकीही एक. आत गेल्यावर मुलीला वर छताकडे आणि खाली फरशीकडे बघू दे, मग कपाटांकडे. मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, वेगवेगळ्या जातीजमातींचे पोशाख, पगड्या, धंदे दाखवणाऱ्या. वीतभर मूर्तीत पगडीचे पेच कसे बसवलेत ते तिने वहीत काढावं. एक पगडी नीट काढायला वीस मिनिटं लागतात आणि त्या वीस मिनिटांत जे दिसतं ते पन्नास फोटोंत दिसत नाही. पेन्सिल आणि छोटी वही चालते का ते तिकीट खिडकीवर विचारून घ्या.

बाहेरच्या आवारात दगडी हत्ती आहे, तो चुकवू नका. घारापुरी बेटाला इंग्रजीत ज्याच्यावरून नाव पडलं तोच हा हत्ती. १८६४ साली तो विलायतेला न्यायचा घाट घातला होता, उचलताना साखळदंड तुटले आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याला आणले आणि पुढे १९१४ साली पुन्हा जोडून हत्ती उभा केला. सांधे शोधायला लावा मुलीला. आणि ज्या पुतळ्यावरून काळा घोडा हे नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा पुतळाही १९६५ साली फोर्टातून उचलून राणीच्या बागेत ठेवलाय.

दुसऱ्या दिवसाचं संग्रहालय म्हणजे जुनं प्रिन्स ऑफ वेल्स. पायाभरणी १९०५ची, लोकांसाठी उघडलं १९२२ साली. मधल्या काळात पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं. आपण जांभा बघत वाढलेली माणसं, म्हणून मला तिथे पहिल्यांदा दगडच दिसतो: कुर्ल्याचा काळसर निळा आणि मालाडचा पिवळट, दोन्ही मिळून बांधलेली इमारत. वास्तुकार जॉर्ज विटेट. आत मधल्या दालनात नाशिकच्या एका वाड्यातलं कोरीव लाकडी बांधकाम बसवलंय, खांब आणि कमानींसकट. तिथे थांबून वर बघा. मग शिल्पं, मग लघुचित्रं, आणि पाय दुखायला लागले की बागेत येऊन बसा. सासूबाईंना चाकाची खुर्ची हवी असेल तर आत शिरतानाच विचारा, त्यात संकोच कसला. शेजारीच जहांगीर कला दालन आहे, तिकीट नाही. मुलीला पंधरा मिनिटं आत सोडा. जिवंत चित्रकार स्वतःच्या चित्राशेजारी उभा असलेला बघणं आठवीतल्या मुलीसाठी मोठी गोष्ट आहे.

काकींनी उर्वशीचं नाव काढलं म्हणून सांगतो. ते झाड मूळचं ब्रह्मदेशातलं. आपल्या रत्नागिरीत थिबा राजा १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत नजरकैदेत होता, तो त्याच देशातला. त्याच्या राजवाड्यात आता सरकारी संग्रहालय आहे. पावसहून इतकं जवळ असून अनेकांनी ते आतून बघितलेलं नसतं. मुंबईला जायच्या आधी एका रविवारी मुलीला तिथे नेऊन आणा, संग्रहालयात कसं हळू चालायचं त्याची सवय होईल. सोमवारी जाऊ नका.

सड्यावरचं_घर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाईंना वाचून दाखवलं. वांग्याच्या सुतळीचं ऐकून त्या उठून परसात गेल्या आणि आमच्या मिरच्यांच्या बांधलेल्या काठ्या बघून आल्या. म्हणाल्या, "त्या काकींना विचार, तिथे रोपं विकत मिळतात का, आणि आणली तर जगतील का?" तेवढं सांगा. शुक्रवार बाग आणि भाऊ दाजी लाड, शनिवार फोर्ट, रात्रीच्या गाडीने परत, असं पक्कं केलंय.

रोपवाल्या_काकी

मिळतात. रोपं, बियाणं, कुंड्या, खतं, अवजारं यांचे गाळे असतात. पण सासूबाईंना माझा निरोप द्या: पेटुनिया, साल्व्हिया, डायंथस ही भरगच्च फुललेली रोपं बघून हात पुढे जातो, तो आवरा. ती थंडीची हंगामी फुलं. जानेवारीअखेर त्यांचं अर्धं आयुष्य संपलेलं असतं, आणि आपल्याकडे मार्चचं ऊन नि खारा वारा लागला की राहिलेलंही संपतं. त्याऐवजी बियाणं घ्या. गणपतीनंतर पाऊस ओसरला की पेरा, दिवाळी झाली की फुलं येतील.

घ्यायचंच असेल तर लिलीचे कंद घ्या किंवा जास्वंदाची वेगळी जात. कंद वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत आले तरी काही होत नाही. जास्वंदाचं रोप घेताना फुलाकडे नाही, बुडाकडे बघा. पिशवीच्या खालून जाड मूळ बाहेर आलेलं असेल तर ते रोप त्या पिशवीत फार दिवस राहिलंय, सोडून द्या. शेंड्याची पानं उलटी करून पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण चिकटलेला नाही ना ते बघा, नाहीतर तो तुमच्या सगळ्या परसात पसरेल. आंबा-काजूची कलमं तिथे मुळीच घेऊ नका, ती दापोलीच्या विद्यापीठातून नाहीतर आपल्या इथल्या ओळखीच्या रोपवाटिकेतूनच घ्यायची.

गाडीत रोप बर्थखाली आडवं टाकू नका. पिशवीला आधार देऊन उभं ठेवा आणि निघताना पाणी घालू नका, चिखल होऊन मुळाभोवतीची माती सुटते. घरी पोचलात की आठवडाभर पडवीत सावलीत ठेवा, मग जमिनीत लावा. आणि सासूबाईंना विचारा, कोऱ्हांटीच्या तीन रंगांत निळी आहे का? असेल तर पावसाळ्यात तिच्या चार फांद्या मला हव्यात.