अ‍ॅक्रिलिक टँकमधल्या ओव्हरफ्लो बॉक्सचं काय करू? मदत हवी आहे

फोंड्यात माशांसाठी जुना अ‍ॅक्रिलिक टँक मिळाला. ६ बाय २ बाय २ फूट, म्हणजे साधारण ६५० लिटर, शीट १८ मिमी. गोड्या पाण्याचाच ठेवणार आहे. सध्या रिकामा आहे.

मागच्या भिंतीला मधोमध ओव्हरफ्लोचा बॉक्स मुळातच चिकटवलेला आहे (वरचं पाणी खाचांतून यात पडतं आणि पाइपने खालच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या टाकीत, जातं; तिथून मोटर ते परत वर पाठवते). त्यात १ इंची पाइप एकच. संपची मोटर पूर्ण सोडली की पाइप घुरघुरतो आणि पाणी पार वरच्या पट्टीला टेकतं. पाइपला व्हॉल्व्ह लावून पाहिला. आवाज गेला, पण पाणी आणखीच चढलं. बॉक्सच्या खाचाही इतक्या रुंद की टेट्रासारखे छोटे मासे सरळ आत जातील. जाळी सिलिकॉनने लावली, ती आठवड्यात सालीसारखी सुटून हातात आली. अ‍ॅक्रिलिकला सिलिकॉन नीट धरत नाही, हे नंतर कळलं.

मग बॉक्सच काढावा म्हणून आरीचं पातं घातलं, तर भिंतीवर बोटभर ओरखडा. थांबलो. सांधा सॉल्व्हंटचा आहे, म्हणजे अ‍ॅक्रिलिक विरघळवून एकजीव केलेला, ओढून निघणार नाही. वरच्या पट्ट्यांमुळे तोंड १४ इंचांचं, ग्राइंडर आत धरता येत नाही. (काचेचा घ्या म्हणू नका, चौघांनी जिन्यावरून चढवलाय!)

पावसात दमट हवेने सॉल्व्हंटचा सांधा पांढरा पडतो, म्हणून काम चवथीनंतरच काढीन.

बॉक्स तसाच ठेवून त्यातच तळाला दुसरं भोक पाडलं तर चालेल का, आणि जुन्या भोकापासून किती अंतर सोडू म्हणजे तडा जाणार नाही?