समलिंगी विवाह: आधी ‘लग्न’ मागायचं की आधी हक्क?

पारावरचा
समलिंगी विवाहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही. पुनर्विलोकन याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. पुन्हा तिथेच डोकं आपटण्यात काय हशील? माझ्या मते ‘लग्न’ हा शब्द काही वर्षं बाजूला ठेवून एकेक हक्क पदरात पाडून घ्यावा. संयुक्त खातं काढायला, जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंच. त्याने कुणाची संस्कृती बुडाली नाही, कुणी रस्त्यावर उतरलं नाही.

शलाका
साफ असहमत. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे हो! पैसे हातात येतील, मग भाऊ-पुतणे कोर्टात खेचतील. करांचंही तेच. नवऱ्याने बायकोला दहा लाख भेट दिले तर कर शून्य. समलिंगी जोडीदाराने दिले, तर वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न! याविरुद्ध एक जोडपं २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेलंय. असं कलमागणिक भांडायचं तर म्हातारे होऊ. लग्न मिळालं की हे सगळं एकदम मिळतं.

पारावरचा
समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तरी एका फटक्यात कुठे गेलं? २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयात जिंकलो, २०१३ ला सर्वोच्च न्यायालयात हरलो, २०१८ ला परत जिंकलो.

सातारकर
माझा विरोध माणसांना नाही, पद्धतीला आहे. लोकांना पटायच्या आधी कोर्टाने लादू नये. संसदेत जा. सुप्रिया सुळेंनी २०२२ मध्ये खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचं पुढे काय झालं? काही नाही. कारण मतदार तयार नाही.

शलाका
सातारकर, तैवान बघा. २०१७ मध्ये कोर्टाने दोन वर्षांची मुदत दिली. २०१८ च्या सार्वमतात लोक ‘नको’ म्हणाले. तरी २०१९ मध्ये संसदेने वेगळा कायदा केला आणि लग्नं सुरू झाली. कोर्टाचा रेटा नसता तर संसद हलली असती?

निशिगंध
तुम्ही सगळे दिल्लीतच अडकलात. उद्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात (जात-धर्म न बघता लग्न लावणारा कायदा) बदल झाला असं धरा. लातूरच्या दोन मुली अर्ज करतील, त्यांच्या लग्नाची नोटीस रजिस्ट्रारच्या कचेरीत फळ्यावर ३० दिवस लावलेली राहील. आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडपी आजही त्या नोटिशीला टरकून असतात. कुणीतरी घरी कळवतं, मग मुलीला मामाकडे धाडतात, फोन काढून घेतात. म्हणून आधी ही नोटीस घालवायला हवी. त्या लढाईत ही जोडपीही सोबत येतील. ‘फक्त आमचं’ म्हणून लढलात तर कायम मूठभरच राहाल. (तरी मूठभरांनीच ३७७ घालवलं, हे मान्य.)

पारावरचा
नोटिशीचा मुद्दा पटला. पण त्याला धर्मांतराच्या वादाचा फाटा फुटेल आणि आपलं मूळ भांडण त्यात गाडलं जाईल.

सातारकर
नोटीस काढायची म्हणजे आईबापांना कळूच द्यायचं नाही? त्याला सामाजिक मान्यता म्हणतात होय?

निशिगंध
कळवायचं कधी आणि कसं, ते सज्ञान मुलं ठरवतील ना दादा. रजिस्ट्रारचा फळा कशाला?