तेरवीच्या पत्रिकेतली 'बुढी' आणि 'शंभर भरणे'

(विदर्भातल्या चार गावच्या लोकांचं हे बोलणं; बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचं गाव दिलं आहे.)

दर्यापूर : तेरवीच्या पत्रिकेला जोडून आजीच्या आयुष्यावर पानभर मजकूर छापायचा आहे. "आमच्या बुढीचे शंभर भरले होते" आणि "पश्चात तीन मुलं, सुना, नातू, पंतू" या दोन वाक्यांवर घोडं अडलंय. घरचे म्हणतात, 'बुढी' खोडा आणि 'मातोश्री' लिहा.

दारव्हा : 'बुढी' खोडू नका. वऱ्हाडात त्यात हेटाळणी नाही. मात्र नातं बोलणाऱ्यावर ठरतं. लेकाच्या तोंडी 'माही बुढी' म्हणजे बहुधा आई, नातवाच्या तोंडी आजी, म्हाताऱ्याच्या तोंडी बायको. पाहुण्याला पत्रिकेतून हे कळणार नाही, म्हणून आधी पूर्ण नाव आणि 'आमची आजी' असं येऊ द्या, 'बुढी' त्यानंतर. शिवाय हा शब्द तिच्याविषयी बोलताना येतो, तिला हाक मारताना 'माय' किंवा 'आजी'च. "बुढी, तू आम्हाला सोडून गेलीस" असं लिहाल तर गावातल्याच माणसाला खटकेल. 'मातोश्री' नातवंडांच्या मजकुरात बसतच नाही, ती आई झाली.

एकेरी लिहा की आदरार्थी, पण एकच धरा. पहिल्या ओळीत 'त्या' आणि चौथीत 'ती' हा घोळ फार होतो. घरात आजीला 'तू' म्हणत असाल तर आठवणीच्या पानावर 'ती'च शोभते. निमंत्रणात मात्र 'यांचे'.

उमरेड : 'शंभर भरले' आजच काढा! ते शिशुपालाचे शंभर अपराध, ज्याच्या पापाचा घडा भरला त्याला म्हणतात. वयासाठी 'शंभरी गाठली' किंवा 'शंभरी ओलांडली'. यातही चूक होते : 'शंभराव्या वर्षात होती' म्हणजे नव्याण्णव पूर्ण, 'शंभरी गाठली' म्हणजे शंभर पूर्ण. वय कशावरून धरलं?

दर्यापूर : आधारवर १ जानेवारी १९२५ आहे.

उमरेड : १ जानेवारी बहुतेक वेळा अंदाजाची असते, नुसतं साल सांगितलं की तीच तारीख पडते. माहेरच्या गावाचं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही (गाव नमुना १४), तहसीलच्या अभिलेख कक्षात बघा. सासरच्या गावात जन्माची नोंद सापडणार नाही. जुन्या नोंदीत पुष्कळदा मुलीचं नाव नसतं, बापाच्या नावापुढे नुसतं 'मुलगी' असतं. म्हणून अर्जात तिच्या बापाचं आणि आज्याचं नाव द्या, अंदाजाच्या सालाच्या मागची-पुढची तीन-चार वर्षं मागा आणि भावंडांच्या नोंदींशी ताडून पाहा, नाहीतर थोरल्या बहिणीची नोंद आजीची समजून बसाल.

नोंद नाहीच मिळाली तर जुनी माणसं सालाला घटनेची खूण देतात ती पकडा. 'मानमोडीच्या सालची' म्हणजे १९१८च्या साथीतली. 'धम्मदीक्षेच्या वर्षी थोरला पोटात होता' म्हणजे १९५६. तारीख नक्की नसेल तर फक्त साल छापा.

दारव्हा : 'पंतू' बोलण्यात ठीक, छापताना 'पणतू'. मुलीला 'पणती', दिव्याचाच शब्द. 'नातू, पणतू' एवढंच लिहिलं तर पोरी गळतात, त्यापेक्षा 'नातवंडं, पणतवंडं' लिहा. नातसुना, नातजावई विसरू नका, रुसवे तिथूनच सुरू होतात. पणतवंडांना मुलं असतील तर ती खापरपणतवंडं.

मूल : 'तेरवी' विदर्भाबाहेरच्या पाहुण्यालाही समजतं, 'तेरावं' करायची गरज नाही. बौद्ध घरातली पत्रिका असेल तर 'कै.'ऐवजी 'कालकथित' आणि तेरवीऐवजी 'पुण्यानुमोदन'. पत्रिकेचा तयार नमुना बदलून घेताना छापखान्यात 'कै.' तसंच राहून जातं, तेव्हा प्रूफ स्वतः वाचा.

दर्यापूर : "म्हातारीचं सोनं झालं" हे शेवटी चालेल?

दारव्हा : ते लोकांनी म्हणायचं असतं. भरल्या घरात, लेकरा-नातवंडांच्या हातून पाणी घेऊन गेली की दारावर आलेली माणसं म्हणतात, "सोनं झालं बुढीचं." घरच्यांनी आपल्याच पत्रिकेत लिहू नये. तिथे "वृद्धापकाळाने निधन झाले" पुरे आहे.