डीव्हीडी ड्राइव्ह एकाएकी संथ झालाय, काय तपासू?

प्रश्न: विंडोज एक्सपीचा जुना डेस्कटॉप, आयडीईवर (जुनी, रुंद केबलची जोडणी) १६एक्स डीव्हीडी रायटर. घरच्या फोटोंच्या डिस्क खराब व्हायच्या आत उतरवून घ्यायच्या आहेत. कॉपी सुरू झाली की माउसचा बाण अडखळतो, प्रोसेसर जवळजवळ पूर्ण व्यापलेला दिसतो. लेन्स साफ केली, फरक शून्य.

उत्तर: माउस अडखळतोय ना? मग लेन्सला हात लावू नका, ड्राइव्हचा आयडीई चॅनल पीआयओ या जुन्या, संथ मोडवर घसरलाय. त्यात डेटाची हमाली प्रोसेसरलाच करावी लागते. एक्सपीत एकूण ६ टाइमआउट किंवा सीआरसी एरर (वाटेत डेटा बिघडल्याच्या चुका) साठल्या की मोड खाली उतरतो. नुसत्या रीस्टार्टने वर येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेकंडरी आयडीई चॅनलच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘करंट ट्रान्सफर मोड’ बघा. पीआयओ असेल तर तो चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा.

उत्तर: आणि केबल बदलाच, नाहीतर एरर पुन्हा साठतील. ८० तारांची घ्या. ओरखडे असलेल्या डिस्क सगळ्यात शेवटी लावा.

प्रश्नकर्ता: पीआयओच होता! आता अल्ट्रा डीएमए मोड २ (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारा वेगवान मोड) दिसतोय, बाणही मोकळा फिरतोय. केबल उद्या बदलतो. मनापासून आभार.