लॉकडाऊनमध्ये आयव्हीएफची बाळं घटली की लांबली?

नोंदवही: मुंबईतल्या एका प्रसूतिगृहाच्या नोंदी तपासतोय. आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबी) बाळंतपणांत घट दिसते, पण त्यातली कुठपासून कुठपर्यंतची लॉकडाऊनच्या खात्यात धरायची? आणि ती बाळं कायमची गेली की लांबली, हे कसं काढायचं?

पेट्रीडिश: ढोबळ नऊ महिने मोजू नका. एग पिकअपच्या (अंडी शरीराबाहेर काढण्याच्या) तारखेत 266 दिवस मिळवा, बाळंतपणाची अपेक्षित तारीख मिळते. पाचव्या दिवसाचा गर्भ गर्भाशयात सोडला (ट्रान्सफर) असेल, ताजा किंवा फ्रोझन, तर ट्रान्सफरच्या तारखेत 261. लॉकडाऊन सुरू झालं त्या 25 मार्च 2020 चं पिकअप म्हणजे 16 डिसेंबर. 8 जूनला शिथिलता आली, त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू केली तरी 10–12 दिवस अंडी वाढायला लागतात. पिकअप 20 जून, तारीख 13 मार्च 2021. नोंदींतला खड्डा साधारण एवढाच. त्याच्या कडा मात्र धूसर असणार, कारण सुरू झालेल्या सायकली (उपचाराच्या फेऱ्या) बऱ्याच ठिकाणी पूर्ण केल्या गेल्या. जुळी बहुधा 37 आठवड्यांच्या आतच येतात, म्हणून जन्माचा महिना न धरता अपेक्षित तारीख धरा.

बदलापूर फास्ट: मुंबईत जूनमध्ये खड्डा भरला असं धरू नका. लोकल सामान्य महिलांना 21 ऑक्टोबर 2020 पासून मिळाली, तीही दुपारी 11 ते 3 आणि संध्याकाळी 7 नंतर. एका सायकलला चार-पाच सोनोग्राफ्या लागतात, आणि ट्रिगरनंतर (अंडी पिकवणारं शेवटचं इंजेक्शन) 35–36 तासांत पिकअप झालं नाही तर फॉलिकल (अंड्याची पिशवी) फुटून अंडी हातची जातात. सकाळी आठचं पिकअप, बदलापूरहून दादर, लोकल नाही! पिनकोडप्रमाणे नोंदी वेगळ्या करा.

पेट्रीडिश: हे बरोबर. आता 'गेली की लांबली'. जन्मदाखल्यावर आयव्हीएफचा रकाना नसतो, त्यामुळे क्लिनिकची रद्द सायकलींची यादी घ्या आणि प्रत्येक जोडप्याचं 2021 अखेरपर्यंत काय झालं ते लिहा. फ्रोझन गर्भ उणे 196 अंशांवर थांबलेला असतो, त्याचं वय वाढत नाही; ती बाळं बहुतेक लांबलेली. अंडसाठा कमी असलेल्यांतही सहा महिन्यांपर्यंतच्या उशिराने बाळ होण्याचं प्रमाण घटलं नाही, असं न्यूयॉर्कच्या एका केंद्राच्या आकडेवारीत 2020 मध्ये दिसलं. खरी घट चाळिशीपलीकडच्या, स्वतःची अंडी वापरणाऱ्या बायकांत आणि पैशांअभावी सोडून दिलेल्यांत शोधा. थांबलेल्या काळात ज्यांना आपोआप दिवस राहिले त्यांचा रकाना वेगळा ठेवा. ती बाळं आयव्हीएफच्या वहीतून गळतात, पण जन्मलेली असतात. हा रकाना लोक हमखास विसरतात.

नोंदवही: आणि जानेवारी 2022 चा छोटा खड्डा?

बदलापूर फास्ट: 14 एप्रिल 2021 चे निर्बंध अधिक 266, म्हणजे 5 जानेवारी. तेव्हा सायकल रद्द का झाली ते कारण पाहा. पत्नी पॉझिटिव्ह आली तर पिकअपच पुढे. नवऱ्याला जोराचा ताप येऊन गेला असेल तर शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे तिथली पिकअपची तारीख जूनच्याही पुढे सरकते.