‘उल्केर’ आणि ‘उल्का’: नातं आहे का?

प्रश्न: इस्तंबूलला बिस्किटाच्या पुड्यावर ‘उल्केर’ हे नाव वाचलं. या तुर्की शब्दाचा अर्थ कृत्तिकांचा पुंजका, असं कळलं. मग हा आपल्या ‘उल्के’चाच भाऊ म्हणायचा का?

उत्तर: मोह होतो खरा, पण नाही. ‘उल्का’ ऋग्वेदात आहे आणि तिच्यात जळणं, पडणं आहे. कृत्तिका कुठे पडतात? शिवाय तुर्की शब्दातला पहिला स्वर ओठांचा चंबू करून ‘इ’ म्हणावा तसा आहे, आणि शेवटचा ‘र’ शब्दाचाच भाग आहे.

तुर्की, अझरबैजानी, तुर्कमेन या तिन्हींत ‘उल्केर’च. उझबेकमध्ये ‘हुलकर’, तिथे मुलींचं नावही असतं. कझाकमध्ये ‘उर्केर’, म्हणजे पुढच्या ‘र’च्या ओढीने ‘ल’चाही ‘र’ झाला. सैबेरियातल्या याकूतमध्ये तर ‘उर्गेल’! ‘ल’ आणि ‘र’ यांनी सरळ जागा बदलल्या. आपण नाही का ‘नुकसान’चं ‘नुसकान’ करत? तोच प्रकार.

ही सगळी रूपं समोर ठेवून अभ्यासक मागे जातात आणि *उल्केर हे मूळ रूप मांडतात. ती चांदणी छपाईची चूक नव्हे. ‘हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तर्काने उभं केलं आहे’ अशी ती खूण. (ताऱ्यांच्या शब्दाला चांदणी, हे मात्र झकास जमलंय.) लेखी पुरावा त्यामानाने उशिराचा. महमूद काशगरीच्या अकराव्या शतकातल्या तुर्की-अरबी कोशात ‘उल्केर’ आहे. त्यातच ‘उल्केर चेरिग’ही आहे: सैन्याच्या तुकड्या करून लढण्याचा डाव. पुंजक्यावरून डावाला नाव, मला ही नोंद फार आवडते.

प्रश्न: कझाक ‘उर्क’ म्हणजे बिचकणे. बिचकून एकत्र आलेल्या चांदण्या, असा अर्थ लावला तर?

उत्तर: लोकव्युत्पत्ती म्हणून गोड आहे. पण ‘ल’चा ‘र’ झाल्यावरच ती सुचू शकते. काशगरीच्या रूपाला ती लागू पडत नाही.

एक पुस्ती: तुर्की कुळातल्याच चुवाश भाषेत याच पुंजक्याला ‘चाळणी-तारा’ अशा अर्थाचा वेगळाच शब्द आहे. या कुळातून चुवाशची शाखा सर्वांत आधी फुटलेली, त्यामुळे *उल्केर अगदी आदितुर्की, म्हणजे साऱ्या कुळाच्या मूळ भाषेतलं, म्हणताना जरा जपून. आपल्याकडे कृत्तिकांचं दुसरं नाव ‘बहुला’, म्हणजे पुष्कळ. नुसत्या डोळ्यांना दिसतात सहा-सातच!