परत फिरायची वेळ घड्याळाने ठरवायची की डोंगराने?

कातळवेडा: माझं मत सरळ आहे. पायथ्याशीच वेळ ठरवायची, समजा दुपारी १. एक वाजला की माथा शंभर पावलांवर असला तरी माघारी. "वर गेल्यावर बघू" म्हणणारेच अंधारात उतरतात. मुळात लोक नुसतं अंतर मोजतात, चढ धरतच नाहीत. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा आजही चालतो: तासाला ५ किलोमीटर, वर दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. १० किलोमीटर आणि ९०० मीटर चढ म्हणजे साडेतीन तास. खाणं, फोटो, सुटलेली नाडी हे सगळं वेगळं.

निवांत_चाल्या: साफ चूक. घड्याळाच्या धाकाने लोक शेवटचा चढ रेटतात आणि उतारावर पाय लटपटायला लागतात. घसारा, म्हणजे पायाखाली सुटी माती-खडे, असला की मग बसलीच आपटी. शिवाय तो ठोकताळा धडधाकट माणसासाठी, चांगल्या हवेत. अकरालाच आभाळ काळवंडलं तर एकची वाट बघत बसणार का?

कातळवेडा: अकराला फिरू नका असं मी कुठे म्हटलं? एक ही शेवटची हद्द. तिच्या आधी कधीही फिरा की!

रानभूल: सोबत्यांचं कुणी बोलतच नाहीये. सगळ्यात मागचा गडी "मी ठीक आहे" म्हणत राहतो. त्याची बोटं बघा. जॅकेटची चेन लावता येत नसेल, बोलताना जीभ जड होत असेल, तर अंगात थंडी भरलीये. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की डोकं नीट चालत नाही, आणि ते त्याचं त्याला कळत नाही. अशा डोक्याने "डोंगर बघून" काय ठरवणार? म्हणून माझं मत घड्याळाला.

निवांत_चाल्या: त्यापेक्षा प्रत्येकाकडे हेडटॉर्च आणि शिट्टी हवी. अडकलात तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा. अंधाराचा एवढा बाऊ कशाला?

कातळवेडा: टॉर्चने पुढची चार पावलं दिसतात, वाट कुठे फुटली ते दिसत नाही. आणि घरी सांगितलेल्या वेळेचं काय? तुम्ही निवांत उतरताय आणि खालून शोधपथक निघालंय!

निवांत_चाल्या: घरचा मुद्दा मान्य. घरी वेळ सांगावी, दोन तास सैल धरून. पण शंभर पावलांवरून, लख्ख उन्हात, केवळ एक वाजला म्हणून मी फिरणार नाही.